चुकलेल्या टाक्यापर्यंत

३ तारीख, सोमवार

मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून इथे लिहिते आहे. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कमरा, मागून माझी अब्रू.

दुपारी दुकानाचं शटर ओढून वर आले, लेकीच्या खोलीतली धूळ झटकली आणि तिचा जुना कॉम्प्युटर चालू केला. खोकत, घोंघावत पाच मिनिटांनी जागा झाला. त्यात बुद्धिबळाचा एक खेळ आहे. ठकी सात वर्षांची असल्यापासून त्याच्याशी खेळायची. ठकी म्हणजे लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, घरात ते कोणी वापरत नाही.

मी अकरा चालींत हरले. शर्टाला बटणं लावायला याहून जास्त वेळ लागतो.

का खेळले, ते लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मलाच वेड लागल्यासारखं वाटेल. ठकी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा देणार नाही म्हणते. दीड महिन्यापूर्वी भांडून माझ्या बहिणीकडे निघून गेली. तिथल्या क्लबात मुलांना बुद्धिबळ शिकवते म्हणे. फोन येतो तो बापाला. जाताना दारातून मला म्हणाली, "आधी त्या डबड्याला एकदा हरवून दाखव, आई. मग मला अक्कल शिकव."

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख अठ्ठावीस. त्याआधी तिला सांगायचं आहे की बाई, फॉर्म भर. आणि सांगायचं तर आधी डबड्याला हरवायला हवं. ती शब्दाची पक्की आहे. ते कोणाकडून आलं, याची नवरा अधूनमधून आठवण करून देतो.

पंचवीस दिवस आहेत. घोडा कसा चालतो ते मला येतं. बाकी बघू.

५ तारीख, बुधवार

चार डाव, चार पराभव. एकदा तर वजीर फुकट दिला. दिला म्हणजे काय, तो तिथे उभा होता, मी दुसरीकडे बघत होते.

नवरा ऑफिसातून आला तेव्हा मी डबड्याला नावं ठेवत होते. त्याचं ऑफिस पाण्याच्या मीटरांचं. बावीस वर्षं घरोघरी जाऊन आकडे टिपतो.

"काय झालं गं?"

"हरले. परत."

"घोडा अडीच घरं जातो ना?"

"एवढंच येतं तुला?"

"तेवढंच येतं." मग बूट काढता काढता म्हणाला, "आमच्या ऑफिसात एकजण आहे. फार छान खेळतो. विचारू?"

"विचार. नाव सांगू नकोस माझं."

"बरं," म्हणाला आणि झाडाला पाणी घालायला गॅलरीत गेला. आमच्याकडे एकच कुंडी आहे. पाणी घालायला पंधरा मिनिटं लागली.

६ तारीख, गुरुवार

ऑफिसातल्या माणसाचा निरोप आला. मी त्यांचं नाव गुरुजी ठेवलं आहे. नवऱ्याने फोनमध्ये बघून एका दमात वाचून दाखवला:

"डबड्याशी मारामारी करू नका. हाणामारीच्या हिशेबात ते चुकत नाही, तुम्ही चुकणार. पट बंद करा. प्याद्यांना प्यादी भिडवून वाटा अडवा आणि मागे शांत बसा. त्याला शांत बसता येत नाही. दुसरं, सुरुवातीच्या आठ-दहा चाली त्याला पाठ आहेत. त्याचं पाठांतर ऐकत बसू नका. काहीतरी साधं, कोणी खेळत नाही असं खेळा, म्हणजे पहिल्या चालीपासून त्याला स्वतःच्या डोक्याने चालावं लागेल."

"हे सगळं त्यांनी सांगितलं?"

"लिहून दिलं."

"आणि डबडं कशाला म्हणाले ते? डबडं तर आपण म्हणतो."

"मी म्हणालो असेन आधी," नवरा म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

मीटरच्या ऑफिसात अशी माणसं असतात हे मला माहीत नव्हतं. उगाच त्या ऑफिसाला मी आयुष्यभर हसले.

९ तारीख, रविवार

पट बंद करून खेळले. दोन्हीकडची प्यादी एकमेकांत अडकली, चेनचे दात अडकावेत तशी. मग मी मागे हत्ती इकडून तिकडे करत बसले. डबडं चुळबुळायला लागलं. उंट पुढे, उंट मागे, मग स्वतःच एक प्यादं सोडून दिलं! मला इतका आनंद झाला की मी ते लगेच खाल्लं आणि मग एकामागोमाग एक सगळंच गेलं. तरी चौतीस चाली टिकले.

"आज रविवार, त्या माणसाला त्रास देऊ नकोस," मी म्हटलं. नवरा म्हणाला, चालतं, त्यांना आवडतं. वीस मिनिटांनी गॅलरीतून निरोप घेऊन आला.

"गुरुजी म्हणतात, घाई झाली की तुम्ही खालचा ओठ चावता. ओठ चावावासा वाटला की चाल करायची नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं आणि पन्नासपर्यंत मोजायचं."

"मी ओठ चावते हे त्यांना काय ठाऊक?"

नवरा खोकला. "मी बोललो असेन कधीतरी."

लग्नाला तेवीस वर्षं झाली. हा माणूस अजून माझ्या ओठांकडे बघतो आणि ऑफिसात त्याबद्दल बोलतो. रागवावं की लाजावं ते ठरेना. संध्याकाळी त्याची आवडती भाजी केली.

१२ तारीख, बुधवार

आज एक शोध लागला. मोठा आहे.

प्रत्येक डावाच्या चाली मी मापांसारख्या वहीत उतरवते, म्हणजे कुठे कमी पडलं ते कळतं. आज सहज रविवारचाच डाव पुन्हा सुरू केला. पहिली चाल तीच केली. डबड्याचं उत्तर तेच. दुसरी, तेच. बारा चाली झाल्या आणि त्याने एकदाही वेगळं काही केलं नाही. माणूस असता तर म्हणाला असता, बाई, परवा हेच केलं होतंत की. डबड्याला कालचं काही आठवत नाही. मी तशीच वागले तर तेही तसंच वागतं, अगदी टाक्याला टाका.

आता हे मला कळतं! माझा सगळा जन्म यात गेला. बाही चुकली म्हणून मी कोट फेकून देत नाही. चुकलेल्या टाक्यापर्यंत उसवते आणि तिथून पुढे नव्याने शिवते. तेच इथे. हरले की वही बघायची, जिथे बिघडलं तिथपर्यंत तस्संच यायचं, तिथे दुसरी चाल.

ही लबाडी आहे का, ते गुरुजींना विचारायला सांगितलं आहे.

१३ तारीख, गुरुवार

गुरुजी हसले म्हणे. पाच मिनिटं हसतच होते.

"मग लबाडी आहे की नाही?"

"नाही म्हणतात. म्हणतात, इतकी वर्षं त्याच्याशी खेळून हे आपल्याला कसं सुचलं नाही."

म्हणजे गुरुजींकडेही हाच खेळ असावा. जुनाच आहे, खूपजणांकडे असेल.

१७ तारीख, सोमवार

रविवारच्याच डावावर अडकले आहे. एकोणतिसाव्या चालीला मार बसतो. एकोणतिसावी सात वेळा बदलून पाहिली. कधी तिसावीला बसतो, कधी एकतिसावीला, पण बसतोच. डोकं दुखायला लागलं. मधेच गल्लीतल्या नर्सबाई पँटची कंबर सैल करून घ्यायला आल्या. धुतल्यावर कापड आटलं, म्हणाल्या. दरवर्षी आटतं.

पँट उलटी करताना त्यांनी विचारलं, "ठकी बरी आहे ना? फोन असतो की नाही?"

"असतो ना. परवाच बोललो."

बापाशी बोलली, हे सांगायची गरज नव्हती. सुई बोटात गेली, ती वेगळी.

गुरुजींना एक शर्ट शिवून द्यावा असं मनात आलं आहे. इतका जीव लावून कोण शिकवतं हल्ली? नवऱ्याला म्हटलं, माप घेऊन ये.

"नको गं. कशाला? त्यांना आवडणार नाही."

"शर्ट कोणाला आवडत नाही? टेप देते, लंचमध्ये घे."

त्याचा चेहरा पाण्याचा मीटर उलटा फिरताना पाहिल्यासारखा झाला.

१९ तारीख, बुधवार

गुरुजींना पूर्ण डाव पाठवला होता. आज उत्तर आलं. नवऱ्याने वाचलं:

"मार एकोणतिसावीला दिसतो, पण चूक चौदावीची आहे. चौदावीला तुम्ही जे प्यादं खाल्लंत, तिथे राजापुढची भिंत उघडली. पुढच्या पंधरा चाली डबडं नुसतं त्या फटीकडे चालत येत होतं. एकोणतिसावी कितीही बदला, उपयोग नाही. चौदावीपर्यंत उसवा."

मी कपाळाला हात लावला. कॉलर ओढते म्हणून गिऱ्हाईक कॉलरची तक्रार करतं आणि चूक असते खांद्यात. हे मी शिकाऊ मुलींना सांगत आले, आणि स्वतः आठवडाभर कॉलर उसवत बसले!

२० तारीख, गुरुवार

आज डाव नाही. गणवेशांची ऑर्डर होती. मशीन चालवताना तो दिवस आठवला, तर तोही उतरवून ठेवते.

ठकीशी माझं कुठे बिघडलं? माझ्या मते शेवटी. ती दारात बॅग घेऊन उभी होती आणि मी म्हटलं, "जायचं तर जा." ते म्हणायला नको होतं. त्याच्याआधी मी काही वावगं बोलले नव्हते. जे बोलले ते तिच्या भल्याचं होतं. लाकडी घोडे नाचवून पोट भरत नाही, हे आईने सांगायचं नाही तर कोणी? मला दहावीनंतर शिकता आलं नाही. मशीन मला आवडतं, पण ते मी निवडलेलं नव्हतं. हिच्या पुढ्यात सगळं वाढून ठेवलं आहे आणि ही ताट सरकवते.

तर शेवटचं वाक्य चुकलं. तेवढंच.

२२ तारीख, शनिवार

चौदावी बदलली. प्यादं खाल्लं नाही, हत्ती एक घर सरकवून गप्प बसले. डाव वेगळाच झाला. एकोणतिसावी आली आणि गेली, मला कोणी मारलंच नाही. बावन्नावीला हरले, पण ती पुढची गोष्ट.

नवऱ्याने अखेर मापं आणली. चिठ्ठी घडी करून हातात धरली होती, वरचे दोनच आकडे वाचले. "छाती बत्तीस. लांबी सव्वीस."

"बत्तीस? पुरुषाची?"

"काटकुळे आहेत जरा."

"एवढे हुशार आणि पोटभर जेवत नाहीत. बायको नाही का त्यांना?"

"नाही. अजून नाही."

चिठ्ठी टाचण्यांच्या डबीत ठेवली. आधी डबडं, मग शर्ट.

२४ तारीख, सोमवार

गुरुजींनी डबड्याचा दुबळा भाग सांगितला. ते चार-पाच चालींपलीकडे बघत नाही आणि फुकटचं दिसलं की राहवत नाही. पट रिकामा होत आला की कडेचं एक प्यादं त्याच्या उंटासमोर टाकायचं. ते खाणार. मग शेजारचं प्यादं एक घर पुढे करायचं. झालं, उंट कोपऱ्यात, दार बंद. त्याला लगेच कोणी मारत नाही म्हणून डबडं खूश. आणि आपण राजाला सावकाश, फिरायला निघाल्यासारखं चालवत न्यायचं आणि उंट उचलायचा.

"गुरुजी म्हणतात, हे त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षी शोधलं होतं. दिवसभर घरभर नाचले होते."

ठकीही असंच कधीतरी नाचली होती. "आई, उंट कोंडला, उंट कोंडला!" करत दुकानात आली होती. गिऱ्हाईक होतं, मी म्हटलं, बाहेर खेळ. गुरुजींच्या आईने काय म्हटलं असेल?

२६ तारीख, बुधवार

हरवलं.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तेरा चाली तशाच, चौदावीपासून नवी शिवण. वजीर गेले, हत्ती गेले. कडेचं प्यादं टाकलं. हात मांडीखाली. डबडं दोन सेकंद घोंघावलं आणि खाल्लं! मी दार लावलं. माझा राजा पाच चाली चालत गेला आणि उंट घेऊन आला. मग एक प्यादं शेवटच्या घरात पोचलं, त्याचा वजीर झाला, आणि एकसष्टाव्या चालीला मात. एक लहानशी चौकट आली: तुम्ही जिंकलात. पुन्हा खेळणार?

मी खुर्चीवरून उठले आणि काय करावं ते कळेना, म्हणून सगळ्या कात्र्या पुसल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो इतका ओरडला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. लगेच गॅलरीत पळाला. या वेळी कुंडीचंही नाव काढलं नाही.

आता ठकीला फोन करायचा. अटीप्रमाणे. फोन हातात घेऊन बसले, पण काय म्हणायचं? डबड्याला हरवलं, फॉर्म भर? ते म्हणायला तर हे सगळं केलं. मनात म्हणून पाहिलं. कॉलर ओढते आहे.

२७ तारीख, गुरुवार

सकाळी गुरुजींचा शर्ट कापायला घेतला. कापड पसरलं, खडू घेतला, चिठ्ठी उघडली. छाती बत्तीस. लांबी सव्वीस. खांदा चौदा. बाही वीस, खोडलेलं, पुढे एकवीस. आणि सगळ्यात खाली: डा. खां. अ. बो. खा.

डावा खांदा अर्धं बोट खाली. हे असं माझ्याशिवाय कोणी लिहीत नाही. शिकाऊ मुलींनाही ते वाचता येत नाही.

मी गेल्या वर्षीची मापांची वही काढली. तेच आकडे, त्याच ओळीत. बाहीचं वीस मी खोडलं होतं, तर नवऱ्याने ते खोडूनसुद्धा उतरवलं आहे. दिसेल तो आकडा टिपायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. बावीस वर्षांची सवय.

डावा खांदा शाळेच्या दप्तराने खाली गेला. उजव्यावर घे म्हणून मी दहा वर्षं ओरडले.

बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मग आधी हसू आलं, मग दुसरं. तीन आठवडे ठकी रोज माझ्याशी बोलत होती. हात मांडीखाली घाल म्हणत होती. पाच मिनिटं हसत होती. आणि मी तिच्याशी बोलायचा हक्क मिळवायला धडपडत होते.

नवरा जेवायला आला तेव्हा काही बोलले नाही. एवढंच विचारलं, "गुरुजींना रंग कुठला आवडतो?"

"निळा," घास तोंडात असतानाच म्हणाला. मग थबकला. "असं वाटतं."

कापड मी निळंच पसरलं होतं.

२८ तारीख, शुक्रवार

फॉर्मची मुदत आज पाचपर्यंत. साडेचारला दुकान बंद केलं, स्वतःच्या फोनवरून फोन लावला.

"आई?"

"हो." चिठ्ठी पुढ्यात घेतली. "शर्ट होत आलाय. बाही एकवीसच ना अजून?"

मग हळूच, "बाबा पकडला गेला?"

"त्याने खोडलेलंही उतरवलं."

ती हसायला लागली. तेच हसू, पाच मिनिटांचं. मीही हसले. मग दोघी थांबलो आणि ते सगळं मधे तसंच होतं.

"आई, जिंकलीस तू. आता अक्कल शिकवायला हरकत नाही. बोल."

"नाही. मला उसवायचंय. त्या दिवशी दुकानात येऊन तू पहिलं वाक्य काय म्हणाली होतीस?"

"आता कशाला?"

"म्हण गं. तस्संच."

"आई, मी परीक्षेला बसणार नाहीये."

त्या दिवशी यावर मी मशीनवरून मान वर केली नव्हती. "मुकाट्याने बस," म्हटलं होतं, आणि शिवण पुरी केली होती. जायचं तर जा, हे फार नंतरचं. चूक या पहिल्याच टाक्याला होती.

या वेळी मी म्हटलं, "थांब, मशीन बंद करते. हं. काय झालं? सांग मला."

तिचा आवाज बारीक झाला. "याच्यापुढचं मला माहीत नाही, आई. इथपर्यंत आपण कधी आलोच नव्हतो."

"मलाही माहीत नाही."

"वेळ लागेल सांगायला."

"लागू दे."

समोर घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. फॉर्म भर म्हणायचं असतं, तर अजून वेळ होता. मी फोन स्पीकरवर करून कापायच्या टेबलावर ठेवला, निळ्या कापडाशेजारी, आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.